पस्तीस, पण कसले? एका ॲम्बॅसॅडरच्या कनेक्टिंग रॉडचं प्रकरण

निवळीचा घाट चढून गाडी सपाटीला लागली, गाडीचे मालक, त्यांना आम्ही काका म्हणतो, त्यांनी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला आणि तेव्हा त्यांना तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला. चढावर इंजिन ओढत असताना काही नव्हतं. भार उतरला आणि खालून, चेंबरच्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या) बाजूने, टक-टक-टक सुरू झालं. टॅपेटच्या आवाजासारखं बारीक नाही, जड. काकांनी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि पुन्हा चावी फिरवली नाही. ‘जरा पुढे जाऊन बघू’ असं ते म्हणाले असते, तर रॉड, म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा, इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर आला असता आणि मग लिहायला फारसं काही उरलं नसतं.

इंजिन बांधून ३८० किलोमीटर झाले होते. ते रत्नागिरीत, माझ्याच शेडमध्ये, माझ्या देखरेखीखाली बांधलं होतं. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे येतं त्यात दोष शोधण्याची सुरुवात मी बाहेरून केली आणि तो घरातच निघाला.

गाडी ॲम्बॅसॅडर मार्क टू, १९७० सालची. काकांच्या वडिलांनी घेतलेली. ते डॉक्टर होते आणि आसपासच्या वाड्यांवर याच गाडीतून रोगी बघायला जायचे. इंजिन १४८९ सीसीचं पेट्रोल, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं बी-सिरीज, उत्तरपाड्याला बनलेलं. बोअर (सिलिंडरचा व्यास) ७३ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची चाल) ८८.९. या इंजिनाच्या कनेक्टिंग रॉडची दोन वैशिष्ट्यं इथे माहीत हवीत. एक, रॉडचं मोठं, क्रँकला धरणारं टोक आडवं न कापता तिरकं कापलेलं असतं, म्हणजे ते सिलिंडरमधून वर काढता येतं. दोन, कॅपला, म्हणजे कापलेल्या टोकाच्या सुट्या अर्ध्याला, नट नसतो. बोल्ट कॅपमधून जाऊन थेट रॉडमधल्या आट्यांत बसतो आणि डोक्याखालच्या लॉक वायसरचा कान मुडपून तो अडवलेला असतो.

तिरक्या कापामुळे रॉडच्या ओढीचा काही भाग जोड सरकवू पाहतो. जोड सरकू न देण्याचं काम बऱ्याच अंशी बोल्टच्या दाबावर असतं. सरळ कापलेल्या रॉडपेक्षा इथे ढिलाई कमी चालते.

पहिल्यांदा इंजिन कसं बांधलं

मे महिन्यात इंजिन उतरवलं. क्रँक घासून वीस अंडरसाइज, म्हणजे मूळ मापापेक्षा वीस थाउ (इंचाचे हजारावे भाग) बारीक झाला, बोअरिंग झालं, नवे पिस्टन आले. पण हेडच्या कामाला उशीर झाला आणि जून लागला. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यातला जवळजवळ सगळा या चार महिन्यांत. शेड तीन बाजूंनी बंद असली तरी खारी हवा आडोसा मानत नाही. हवेतलं मीठ लोखंडावर बसतं, ते पाणी ओढून धरतं आणि चकचकीत केलेल्या भागावर आठवड्यात तांबूस साय येते. हे आम्हाला माहीत आहे. म्हणून क्रँकला ग्रीस लावून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला, बोल्ट ऑइलच्या डब्यात बुडवून ठेवले.

पण चार रॉडचे प्रत्येकी दोन, अशा आठपैकी सहाच बोल्ट. तिसऱ्या नंबरचा रॉड मी वजन बघण्यासाठी बाजूला काढला होता. तो कॅप आणि बोल्टसकट फळीवर राहिला आणि त्यावर ताडपत्री पडली. गणपतीनंतर काम पुन्हा हातात घेतलं तेव्हा तो सापडला. बोल्टांवर गंज होता. शेडमध्ये आयटीआय झालेला एक मुलगा शिकतोय. त्याने ते दोन्ही बोल्ट वायर ब्रशने घासून लख्ख केले आणि मला दाखवले. मी बघितलं, ठीक म्हटलं. नवे बोल्ट मागवायला हवे होते, ते मागवले नाहीत.

बांधणी दोन दिवस चालली. त्याच सुमाराला नवा टॉर्क पाना घेतला होता, लावलेल्या आकड्याइतका जोर झाला की टिक करणारा. जुना, काटा दाखवणारा, कुणीतरी नेला तो परत आला नव्हता. नव्या पान्याच्या दांड्यावर दोन स्केल कोरलेली आहेत, एका बाजूला न्यूटन-मीटर, दुसऱ्या बाजूला फूट-पाउंड. मुलगा इंजिनाखाली बसला होता, मी मॅन्युअल उघडून उभा होतो. त्याने मला विचारलं, “काका, कनेक्टिंगला किती?” मी म्हटलं, “पस्तीस.”

निदान

गाडी टेम्पोमागे बांधून आणली. ऑइल पातळी बरोबर, ऑइलचा रंग मात्र वाईट. डिपस्टिक उन्हात धरली तर त्यात सोनेरी-करडी झाक दिसत होती. बेरिंगचा थर सुटून ऑइलमध्ये मिसळला की अशी झाक येते.

नंबर पक्का करायला इंजिन अर्धा मिनिट चालू केलं, त्याहून जास्त नाही. मंद गतीत एकेका प्लगची वायर काढली. पहिली काढली, दुसरी काढली, आवाज तसाच. तिसरी काढली आणि ठोका जवळजवळ गेला. त्या सिलिंडरमध्ये स्फोट झाला नाही की पिस्टन खाली ढकलला जात नाही आणि सैल बेरिंगवरचा आपट कमी होतो. ही जुनी, बिनखर्चाची परीक्षा आहे आणि अजूनही तिच्यावर माझा भरवसा आहे. फक्त वायर उघड्या हाताने काढू नये आणि इंजिन जास्त वेळ चालवू नये.

चेंबर उतरवलं. तिसऱ्या रॉडच्या दोन्ही लॉक वायसरचे कान व्यवस्थित मुडपलेले होते. हे बघून क्षणभर बरं वाटलं, आणि तीच चूक. कान बोल्टला फिरू देत नाही, पण बोल्टमधला ताण उतरला तर तो काही करू शकत नाही. कान सरळ केले आणि आखूड पाना लावला. पहिला बोल्ट मनगटाच्या जोराने सुटला. दुसरा थोडा घट्ट, पण कनेक्टिंगचा बोल्ट जसा सुटताना ‘कडक’ असा आवाज करतो तसा आवाज त्यानेही केला नाही.

बेरिंगचे शेल, म्हणजे रॉडच्या पोटात बसणारे दोन अर्धगोल, बाहेर काढले. आतला पांढुरका थर ठिकठिकाणी पुसला जाऊन खालचा तांब्याचा रंग दिसत होता. पण खरी गोष्ट शेलच्या पाठीवर होती. पाठीवर काळे, घासून गुळगुळीत झालेले डाग होते आणि तसेच डाग कॅपच्या जोडावरही. नवीन शेल बसवताना त्याची कड जोडाच्या किंचित वर राहते, केसाच्या अंतराने. कॅप आवळली की ते दोन अर्धे एकमेकांवर दाबले जाऊन रॉडच्या पोटात घट्ट बसतात. पाठीवर घासल्याचे डाग म्हणजे शेल रॉडच्या आत हलत होता, म्हणजे कॅप पुरेशी दाबलेली नव्हती. बेरिंग खराब झालं म्हणून कॅप ढिली झाली नव्हती, कॅप ढिली होती म्हणून बेरिंग गेलं होतं. बेरिंग पालथं करून बघितलं नसतं, तर नवे शेल घालून मी गाडी परत दिली असती आणि महिनाभरात ती पुन्हा आली असती.

आता संशय कुणावर? माझ्या मनात पहिलं नाव पान्याचं होतं. नवा आहे, स्वस्त आहे, खोटं दाखवत असेल. त्याची परीक्षा घेणं अवघड नव्हतं. शेजारच्या काजूच्या व्यापाऱ्याकडून शिक्क्याची वजनं आणली. पान्याचा चौकोनी दांडा व्हाइसमध्ये धरला, पाना आडवा केला, दांड्याच्या मुठीच्या मध्यावर, म्हणजे चौकोनापासून बरोबर ४० सेंटिमीटरवर, वजन टांगलं. हिशेब असा: ३५ फूट-पाउंड म्हणजे ४.८४ किलोग्रॅम-मीटर. पान्याचं स्वतःचं वजनही खाली ओढतं, तेही धरायला हवं. आमचा पाना १.२ किलोचा आणि त्याचा तोल २० सेंटिमीटरवर, म्हणजे ०.२४. उरले ४.६०, भागिले ०.४०, म्हणजे साडेअकरा किलो. फूट-पाउंडाच्या बाजूला ३५ लावून दहा आणि एक किलोची वजनं टांगली, पाना गप्प. वर अर्ध्या किलोचं वजन हळूच ठेवलं आणि पान्याने टिक केलं.

पाना खरा होता.

मग बेरिंगच्या कंपनीवर संशय, मग क्रँक घासणाऱ्यावर. मायक्रोमीटरने बाकीचे तीन जर्नल (क्रँकवरचे रॉड बसतात ते गोल भाग) मोजले, माप बरोबर, गोलाई बरोबर. तिसऱ्यावर ओरखडे होते आणि त्यात नख अडकत होतं, पण ते नंतरचं नुकसान. घासणाऱ्याने आपलं काम चोख केलं होतं.

मिस्त्रीकाकांचा प्रश्न

एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले एक मिस्त्री आमच्याकडे संध्याकाळी येऊन बसतात. मी ज्यांच्या हाताखाली शिकलो ते हेच. त्यांना सगळं दाखवलं. त्यांनी शेल पालथा केला, डागांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “बाकीच्या सहा बोल्टांना अजून हात लावला नाहीस ना? सोडू नको. आवळून बघ.”

हे मला सुचायला हवं होतं. बोल्ट सोडताना लागलेल्या जोरावरून तो किती आवळलेला होता हे कळत नाही. सुटतानाचं घर्षण वेगळं असतं. पण योग्य आकड्यावर लावलेला पाना आवळण्याच्या दिशेने नेला आणि बोल्ट टिक होण्याआधी पुढे सरकला, तर तो आधी कमी होता हे नक्की. कान सरळ केले, बोल्टच्या डोक्यावर आणि कॅपवर खडूची रेघ मारली, पाना ३५ फूट-पाउंडावर लावला. पहिला बोल्ट सरकला. दुसराही. सहाच्या सहा बोल्ट घड्याळाच्या काट्याने दोन-तीन मिनिटं पुढे जावं तितके सरकले आणि मग टिक झालं.

एखादा बोल्ट चुकला असता तर तो हाताचा दोष. सगळेच सारखे कमी निघाले, म्हणजे आकड्याचाच दोष. मिस्त्रीकाकांनी मुलाला जवळ बोलावलं. ओरडले नाहीत.

“तू किती लावलं होतंस?”

“पस्तीस.”

“पस्तीस कसले? आंबे मोजलेस काय?”

मुलाने पाना उचलला आणि दांडा फिरवून दाखवला. ज्या बाजूला त्याने ३५ लावले होते ती बाजू न्यूटन-मीटरची होती. आयटीआयमध्ये त्याला न्यूटन-मीटरच शिकवलेलं. त्याच्या दृष्टीने पस्तीस म्हणजे तेच. आणि मी आयुष्यभर याच इंजिनाच्या इंग्रजी मॅन्युअलवर काम केलेला, माझ्या दृष्टीने पस्तीस म्हणजे फूट-पाउंड. मी त्याला ‘पस्तीस’ म्हटलं. कसले पस्तीस, ते म्हटलं नाही. चूक मुलाची नाही, माझी. हे मी त्याला त्याच वेळी, मिस्त्रीकाकांच्या समोर सांगितलं.

३५ फूट-पाउंड म्हणजे ४७.५ न्यूटन-मीटर. ३५ न्यूटन-मीटर म्हणजे जेमतेम २६ फूट-पाउंड. पाऊण भागापेक्षाही थोडं कमी. आपल्याकडे हा घोटाळा सहज होण्यासारखा आहे, कारण जुन्या गाड्यांची पुस्तकं वेगवेगळ्या घराण्यांची. ॲम्बॅसॅडरचं फूट-पाउंडात, इटालियन फियाटच्या घराण्यातल्या पद्मिनीचं किलोग्रॅम-मीटरमध्ये आणि बाजारात मिळणारे नवे पाने न्यूटन-मीटरमध्ये. आकडा तिन्ही ठिकाणी नुसता आकडाच दिसतो.

तरीही एक प्रश्न उरला आणि मला तोच जास्त महत्त्वाचा वाटतो. आठही बोल्ट सारखेच कमी आवळले होते. मग सहा टिकले आणि तिसऱ्या रॉडचेच दोन का गेले?

केसाच्या जाडीचा हिशेब

बोल्ट ही एक स्प्रिंग आहे. आपण तो फिरवतो तेव्हा तो किंचित लांब होतो आणि पुन्हा आखडायला बघतो. त्या आखडण्यानेच कॅप रॉडवर दाबली जाते. आपल्याला हवा असतो तो हा ताण. पाना मात्र ताण मोजत नाही, पिळण्याचा जोर मोजतो. आणि पिळण्याच्या जोरातला साधारण निम्मा भाग डोक्याखालचं घर्षण खातं, चाळीस टक्क्यांच्या आसपास आट्यांतलं घर्षण खातं, ताणासाठी उरतो सुमारे दहावा भाग. घर्षण थोडं जरी वाढलं तरी ते या दहाव्या भागातूनच वजा होतं.

ताणाचा ढोबळ हिशेब सोपा आहे: बोल्टचा व्यास आणि घर्षणाचा गुणक यांचा गुणाकार करायचा आणि त्याने टॉर्कला (पिळण्याच्या जोराला) भागायचं. हा गुणक ऑइल लावलेल्या बोल्टसाठी ०.१५ च्या आसपास धरतात, कोऱ्या, कोरड्या बोल्टसाठी ०.२ आणि गंजलेल्यासाठी ०.३ पर्यंत. बोल्ट ३/८ इंची, म्हणजे साडेनऊ मिलिमीटरचा धरला तर काय निघतं बघा. ऑइल लावून, खरे ३५ फूट-पाउंड दिले असते तर प्रत्येक बोल्टमध्ये जवळजवळ साडेतीन टनांचा ताण आला असता. आमचे सहा बोल्ट ऑइलच्या डब्यातून निघालेले, अंगभर ओले. त्यांना कमी टॉर्क मिळूनही अडीच टन ताण आला. कमी, पण जीव धरून राहण्याइतका. तिसऱ्या रॉडचे दोन बोल्ट ब्रशने घासलेले, कोरडे, आट्यांच्या तळाशी गंजाचे खड्डे असलेले. पान्याने त्यांच्यावरही तसंच टिक केलं, पण ताण आला सव्वा टनाच्या आसपास. पान्याचा आवाज तोच, ताण मात्र निम्मा. आणि जो यायला हवा होता त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या थोडा वर.

सव्वा टन ऐकायला पुष्कळ वाटतं. याच इंजिनात मिनिटाला ४००० फेऱ्यांना पिस्टन वरच्या टोकाला थांबून उलटा फिरतो तेव्हा त्याच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे हजारपट त्वरण असतं. पिस्टन, पिन, रिंगा आणि रॉडचा वरचा भाग मिळून ६०० ग्रॅम धरले तरी ६०० किलोची ओढ झाली, दोन बोल्टांत वाटली तर ३०० किलो प्रत्येकी, वर रॉडच्या खालच्या भागाची आणखी थोडी. ही ओढ स्फोटाच्या वेळी नसते. स्फोट कॅपला मोकळं करतो, रॉडच दाबतो. कॅप सगळ्यात जास्त ओढली जाते ती धूर बाहेर टाकण्याच्या स्ट्रोकच्या शेवटी, जेव्हा पिस्टनवर दाब नसतो. आणि ही ओढ फेऱ्यांच्या वर्गाने वाढते, फेऱ्या दुप्पट केल्या की चौपट. काकांनी रनिंग-इन (नव्याने बांधलेलं इंजिन जपून चालवायचा काळ) संपत आलंय म्हणून चौपदरी काँक्रीटच्या पट्ट्यावर गाडी थोडी मोकळी सोडली होती. इंजिन नीट बांधलेलं असतं तर त्यात काही गैर नव्हतं.

पण सव्वा टनाला ३०० किलोने काय होणार? इथे लांबी बघावी लागते. आवळलेल्या बोल्टची लांबी ३५ मिलिमीटर धरली तर साडेतीन टनांच्या ताणाने तो साधारण ०.१ मिलिमीटर लांबतो. एका जाडशा केसाइतका. सव्वा टनाने लांबतो ०.०४ मिलिमीटरपेक्षाही कमी. आता डोक्याखाली गंजाचा उरलेला खरखरीत थर, जोडावर चुकून राहिलेली एखादी पापडी, मऊ पत्र्याचा वायसर, हे सगळं इंजिन गरम-थंड होताना आणि हादरे खाताना चेपत जातं. दोन-तीन शतांश मिलिमीटर चेपलं की पूर्ण ताणलेल्या बोल्टकडे तीन चतुर्थांश ताण शिल्लक राहतो. आमच्या बोल्टकडे जेमतेम तिसरा हिस्सा राहिला, म्हणजे त्या ३०० किलोच्या ओढीच्या आसपास. बोल्ट फिरला नाही, कान जागच्या जागी होता, पण खालची जमीनच केसभर खचली.

एकट्या गंजाने हे झालं नसतं, एकट्या चुकीच्या आकड्यानेही नाही. दोन्ही एकाच रॉडवर एकत्र आले.

पुन्हा बांधणी

इंजिन परत उतरवावं लागलं. नख अडकतंय म्हटल्यावर पॉलिश पेपर फिरवून चालत नाही. क्रँक आंबा घाटातून कोल्हापूरला गेला, तीस अंडरसाइज होऊन आला. तिसऱ्या रॉडचं मोठं टोक बोअर गेजने तीन दिशांनी मोजलं तर किंचित अंडाकृती झालेलं होतं. त्याला दुरुस्त करता येतं, पण मी दुसऱ्या भंगारातल्या इंजिनाचा रॉड घेतला, तडे तपासून घेतले आणि सोनाराच्या काट्यावर वजन जुळवलं.

बोल्ट आठही नवे. जुने बोल्ट मोजून वापरता येतात असं काही जण सांगतात, नव्या बोल्टशेजारी धरून लांबी मोजायची, कायमचा लांबला असेल तर फेकायचा. मोजणं चांगलंच. पण किनाऱ्यावर, पन्नास वर्षं जुन्या इंजिनात, गंजाचा एकही ठिपका पाहिलेला बोल्ट मी आता परत घालणार नाही. बोल्टांची किंमत एका क्रँक ग्राइंडिंगपुढे काहीच नाही. लॉक वायसरही दर वेळी नवेच. एकदा मुडपलेला कान दुसऱ्यांदा मुडपला की तडकतो, आणि तुटलेला तुकडा चेंबरमध्ये जातो.

आटे साफ करायला नवा, धारदार टॅप (आटे पाडायचं हत्यार) वापरला नाही, तो आट्यांतलं धातू काढतो. जुन्याच एका बोल्टला उभी खाच पाडून तो हाताने आत-बाहेर फिरवला, मळ त्या खाचेत आला. नंतर पेट्रोल आणि हवा. भोकात ऑइलचं तळं राहता कामा नये. तळाशी साठलेलं ऑइल बोल्टला अडवतं आणि पाना खोटंच टिक करतो. जोडाची दोन्ही तोंडं नखाने तपासली, फडक्याने पुसली, मग पुन्हा बोटाने. शेलची पाठ आणि रॉडचं पोट कोरडं ठेवलं, तिथे ऑइल लावायचं नाही. ऑइल लावायचं ते शेलच्या आत, जर्नलवर, बोल्टच्या आट्यांना आणि डोक्याच्या खालच्या पृष्ठाला. डोक्याखालचं बहुतेक जण विसरतात. निम्मा जोर तिथेच जातो.

कॅप ज्या रॉडची त्याच रॉडला, नंबर नंबरासमोर. मग प्लॅस्टिगेजचा धागा (मऊ असतो, चेपून किती रुंद झाला त्यावरून बेरिंगमधलं अंतर कळतं) ठेवून एकदा पूर्ण आवळलं, सोडलं, रुंदी मोजली. जर्नलच्या प्रत्येक इंचाला एक थाउ हा ढोबळ नियम, आमचं अंतर त्याच्या जरा वर आलं, चारही ठिकाणी जवळजवळ सारखं. धागा पुसून काढला, पुन्हा ऑइल लावलं.

आवळताना तीन पायऱ्या: १५, २५, ३५ फूट-पाउंड, प्रत्येक पायरीवर एक बोल्ट इकडचा, एक तिकडचा. दुसरी पायरी २५ फूट-पाउंड म्हणजे ३४ न्यूटन-मीटर होते. पहिल्या वेळी आम्ही दुसऱ्या पायरीवरच थांबलो होतो.

पाना मुठीच्या मध्यावर धरायचा आणि एका संथ ओढीत न्यायचा. झटका दिला की खरा जोर कळत नाही. ओढता ओढता मध्ये थांबलं तर बोल्ट जागेवर चिकटतो आणि पुन्हा हलवायला जास्त जोर लागतो, तेव्हाही पाना फसवतो. असं झालं तर थोडं सोडून परत यायचं. टिक झालं की थांबायचं. खात्री म्हणून दुसऱ्यांदा टिक करायची सवय अनेकांना असते, मलाही होती. मिस्त्रीकाकांनी ती त्या दिवशी मोडली. प्रत्येक रॉड पूर्ण झाला की क्रँक हाताने पूर्ण फिरवून बघितला, रॉड बाजूला मोकळा सरकतो का ते बघितलं, मगच कान मुडपले. बोल्टच्या डोक्यावर पांढऱ्या रंगाचा ठिपका, म्हणजे हा झाला.

नव्या गाड्यांच्या इंजिनांत आकडा देऊन वर ‘इतके अंश फिरवा’ असं सांगतात. ते बोल्ट बहुतेक वेळा मुद्दाम मर्यादेपलीकडे ताणायला बनवलेले आणि एकदाच वापरायचे असतात. ती पद्धत या बोल्टांना लावू नये.

यावेळी मॅन्युअल मुलाच्या हातात होतं आणि पाना माझ्या. तो आकडा एककासकट वाचायचा, मी पान्यावरचं तसंच मोठ्याने परत वाचायचो, मग ओढायचो. आठ बोल्ट, तीन पायऱ्या, चोवीस वेळा. मिस्त्रीकाका खुर्चीवर बसून ऐकत होते, एका ठिकाणी मी नुसतं ‘पंचवीस’ म्हटलं तर त्यांनी खोकून आठवण दिली. पावसात पडून राहिलेल्या सामानासाठी आता झाकणाचे डबे केलेत, प्रत्येक रॉडचे बोल्ट आपापल्या नंबरच्या डब्यात, ऑइलमध्ये.

मजुरीचे पैसे काकांकडून घेतले नाहीत. क्रँक ग्राइंडिंग, बेरिंग आणि बोल्टांचा खर्चही मीच केला. ते नको म्हणत होते. पण वडिलांच्या गाडीचं इंजिन त्यांनी विश्वासाने माझ्याकडे दिलं होतं.

पाचशे किलोमीटरला ऑइल बदललं, फिल्टरचं एलिमेंट कापून घड्या उन्हात उलगडून बघितल्या. नेहमीची काळी बारीक पूड होती, चमक नव्हती. परवा काका गुहागरला जाऊन आले, येताना निवळीच्या घाटात मुद्दाम सपाटीला पाय काढून, काच खाली करून त्यांनी ऐकलं. फोन करून म्हणाले, वाऱ्याशिवाय काही ऐकू आलं नाही.